पितांबर फोटोवाल्याचं हलतं चित्र

ता. ११ जानेवारी १९२४, शुक्रवार. जळगाव.

आज मेहुणा माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीवर बसून मला कारकुनी देऊन गेला. मेहुणा म्हणजे पंडितराव, झुंबरचा थोरला भाऊ. धुळ्याला त्याचं कापसाची सरकी काढायचं जिन आहे. माझ्या दुकानाची जागाही त्याचीच, आणि ही गोष्ट तो चहाच्या दर घोटाला आठवून देतो. म्हणाला, "दाजी, आता फोटो काढणार तरी कोणाचे? अर्ध्या खानदेशाचे काढून झाले. इथं मला कापसाची पेढी टाकायची आहे. तुम्ही धुळ्याला या, काट्यावर बसा, गाड्या तोलून घ्या. सावलीतलं काम आहे."

बावीस वर्षं फोटो काढणारा माणूस काट्यावर बसून कापसाच्या गाड्या तोलणार! माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मला वेळ नाही. मी हलतं चित्र काढतोय, सिनेमाचं." ही बातमी मलासुद्धा तेव्हाच कळली.

तो पोट धरून हसला. "काढा की! महिन्याभरात दाखवा. नाही जमलं तर दुकानाची किल्ली माझ्या हातात."

झुंबर दाराआडून ऐकत होती. नवऱ्याची बाजू घेऊन एक शब्द बोलली नाही. शेवटी भावाचीच बहीण.

ता. १९ जानेवारी

मुंबईहून कॅमेरा आला. जुनाच आहे, पण ठणठणीत. शिसवी पेटी आणि बाजूला पितळी दांडा. त्यासाठी रंगवलेला विलायती पडदा आणि मोठं भिंग विकावं लागलं. असो. दांडा सेकंदाला दोन फेरे फिरवायचा, म्हणजे एक फूट फिल्म सरकते आणि एका फुटात सोळा चित्रं उमटतात. वाचायला सोपं आहे.

फिल्म धुण्यासाठी नूर महंमदाने लाकडी पिंजरा केलाय. हा कल्हईवाल्याचा मुलगा, पण सोळा वर्षं माझी अंधारी खोली तोच सांभाळतो, कारण फोटो धुण्याच्या औषधाने माझ्या हातांची सालटी निघतात. माणूस कमी बोलतो. मला असाच लागतो.

झुंबर आज तडकाफडकी धुळ्याला गेली. मावशी आजारी आहे म्हणे.

ता. २४ जानेवारी

पंडितरावाचं पत्र! मुदत चैत्री पौर्णिमेपर्यंत वाढवली. धुळ्याला एकवीरेची जत्रा भरते, तिथं फिरत्या सिनेमावाल्या हाशमभाईच्या तंबूत चित्र दाखवायचं. मी त्याला चार पानी खरमरीत पत्र लिहिलं होतं, त्याचाच हा परिणाम. लेखणीत जोर पाहिजे.

झुंबर कालच परत आली. मावशी बरी आहे. माझ्या समजुतीप्रमाणे मावशी गेल्या वर्षीच वारली होती, पण त्यांच्याकडे मावश्या पुष्कळ.

ता. ६ फेब्रुवारी

काल नशिराबादला पहिलं चित्रण केलं. कथा माझीच: लेकीची पाठवणी. बाप रडतो, लेक रडते, गाडी निघते. खानदेशात असा माणूस नाही जो हे बघून रडणार नाही. बाप म्हणून कौतिकआबा घेतले, ऐंशीला टेकलेले, चेहरा नांगरलेल्या शेतासारखा. लेक म्हणून हिलाल, जो गावात बायकांची सोंगं घेतो. बाप जिवंत असताना मिशी काढणार नाही म्हणाला, म्हणून पदर हनुवटीपर्यंत ओढला. दांडा मी स्वतः फिरवला. दोनशे फूट. सगळ्यांनी अगदी जीव ओतून काम केलं.

ता. १२ फेब्रुवारी

आजचा दिवस वैऱ्यावर येऊ नये.

हाशमभाईचा तंबू अजून जळगावातच आहे. सकाळी त्याच्या मशीनवर दोनशे फूट लावून पाहिले. पडद्यावर नशिराबाद आलं. कौतिकआबा आले, हिलाल आला, मागे सारं गाव. आणि सगळे नुसते उभे! तीन मिनिटं! मशीनवाल्याला वाटलं चित्र अडकलं, त्याने मशीनला दोन चापट्या मारल्या. मग डाव्या बैलाने शेपटी उडवली तेव्हा कळलं की चित्र चालू आहे. शेवटी एक शेळी इकडून तिकडे गेली. तीच काय ती हलली.

हाशमभाई भला माणूस. दाढी कुरवाळत म्हणाला, "पितांबरभाऊ, फोटो बढिया है."

वर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या शेपटीचा वेग एकसारखा नव्हता, एकदा भुर्रकन आणि एकदा रेंगाळत. म्हणजे दांडा फिरवणाऱ्याचा हात ताल सोडतो. हात माझा होता.

ता. १३ फेब्रुवारी

नशिराबादला जाऊन कौतिकआबांना जाब विचारला. "आबा, हलला का नाहीत? लेक सासरी चाललीय आणि तुम्ही खांबासारखे उभे!"

आबा म्हणाले, "भाऊ, मी हाललो असतो ते दोन डोके आले असते ना! तुम्हीच त सांगेल आहे. माह्या पोराच्या लग्नाच्या फोटोले, मग नातवाच्या. 'हलू नका, हललात तर फोटोत दोन डोकी येतील.' पहूरचा लोटन हालला होता, त्याले तीन कान आले."

गाव माना डोलवत होतं. मी कपाळावर हात मारला. खरं आहे. बावीस वर्षं काळ्या कापडाखालून मी या जिल्ह्याला एकच मंत्र दिला. मानेमागे लोखंडी आकडा लावला, पोरांना चिमटे काढले, नवरीला श्वास रोखायला लावला. शिकवलं ते मीच, आणि इतकं पक्कं शिकवलं की आता कॅमेरा दिसला की आख्खा पूर्व खानदेश दगड होतो.

मास्तर म्हणून माझ्यासारखा दुसरा नाही. जिनाचा काटा डोळ्यांपुढे दिसू लागला आहे.

ता. १८ फेब्रुवारी

मला एक युक्ती सुचली. झुंबर चुलीपाशी बसून सहज म्हणत होती की लहानपणी माहेरी सरकी काढायची चरकी तीच फिरवायची, दिवसभर, हात कधी थांबायचा नाही की पळायचा नाही. हे ती दोन दिवसांत पाच वेळा तरी बोलली असेल. ऐकता ऐकता माझ्या डोक्यात वीज चमकली: दांडा हिच्याच हाती द्यावा! तिला सांगितलं, तर म्हणाली, "बरं सुचनं तुम्हले."

नूर महंमदाने घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला एकशे वीस फेरे. पाच मिनिटं झाली तरी एकशे वीसच. मी सांगितलं, सध्या रिकाम्या कॅमेऱ्यावर सराव कर, फिल्म काय झाडाला लागते?

ता. २६ फेब्रुवारी. नशिराबाद.

दोन दिवस मुक्काम. आज नुसती तालीम, चित्रण नाही. लोकांना हलायला शिकवायचं. घशाची पार वाट लागली आहे.

आबांना म्हटलं, लेकीला पोटाशी धरा. त्यांनी हिलालला असं धरलं जसं कोणी परक्याचं पोतं धरावं. शेवटी मीच टॉवेल डोक्यावर घेतला, हिलालला बाजूला सारलं आणि लेक होऊन आबांच्या गळ्यात पडलो. रडलो. हुंदके दिले. मग आबांना बाजूला करून बाप झालो आणि हिलालच्या पाठीवरून हात फिरवला. मग सासू झालो. बैल जागचे हलेनात म्हणून जू खांद्यावर घेऊन बैलही होऊन दाखवला. धोतर सुटलं ते एका हाताने धरून दाखवला! आणि हे नशिराबादकर? मघापर्यंत दगड असलेले हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. हिलालचा पदर घसरला, मिशी बाहेर आली, त्याचीही कोणाला शुद्ध नव्हती. आबा तर गुडघ्यांवर हात आपटत होते. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय.

झुंबर लिंबाखाली सराव करत होती, पण कॅमेरा सारखा माझ्याच रोखाने. मी ओरडलो, "माझ्याकडे काय रोखतेस? बैलांकडे रोख!"

म्हणाली, "बैल कोठे हालतस? तुम्ही हालतस."

नूर महंमद तिच्याजवळ उभा राहून काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून काहीतरी करत होता. विचारलं तर म्हणाला, हाताला खाज सुटली.

ता. २७ फेब्रुवारी. नशिराबाद.

सकाळी पुन्हा तालीम. काहीही फरक नाही. कॅमेरा त्यांच्यापुढे आणला की पुन्हा खांब.

दुपारी सगळे जेवायला पांगले. मला घास जाईना. गाडीच्या दांडीवर एकटाच बसलो. समोर डावा बैल रवंथ करत होता. त्याला म्हटलं, "तुझं बरं आहे बाबा, तुला मेहुणा नाही." मग काय झालं कोण जाणे, मला खरंच रडू आलं. या वहीत खोटं कशाला लिहू? मला दुसरं काही येत नाही. माणसं बसवावीत, पडदा सारखा करावा, काळ्या कापडाखाली शिरावं, तिथं उलटं दिसणारं जग पाहावं, एवढंच मला येतं. पन्नाशी जवळ आली. गाड्या तोलताना मी त्या शेतकऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसेन की उजेड कुठून पडलाय, आणि वजन चुकेल. बैलाने माझा हात चाटला. त्याच्या मानेला टेकून बराच वेळ तसाच बसलो. मग खिशात शेंगा निघाल्या, त्या आम्ही दोघांनी खाल्ल्या.

वीस पावलांवर झुंबर तो रिकामा दांडा फिरवतच होती. कर्र कर्र, कर्र कर्र. म्हटलं, अगं, आता तरी थांब! थांबली नाही. या घराण्यात ऐकून घ्यायची रीतच नाही.

ता. ९ मार्च

झालं एकदाचं चित्रण! सहाशे फूट. मी छडी घेऊन कॅमेऱ्याशेजारी उभा राहिलो. एक म्हटलं की आबांनी हात उचलायचा, दोन म्हटलं की हिलालने मान टाकायची, तीनला बायकांनी डोळ्यांना पदर. सगळे हलले. अगदी कवायतीसारखे एकदम हलले. पंडितराव, या आता!

ता. २ एप्रिल

जोडणी संपली. फिल्म धुऊन, निगेटिव्हवरून चित्र उतरवून तयार. पाट्याही मीच रंगवल्या: "नशिराबादची पाठवणी", "हाय! लेक चालली!" वगैरे. पाट्यांची फिल्म हौसेने स्वतः धुतली, त्यात हात सोलून निघालेत, म्हणून कात्री आणि गोंद झुंबरकडे दिला. मी शेजारी बसून सांगायचो, इथं काप, इथं चिकटव. मधे मला जरा डुलकी लागली, पण उठलो तर काम चालूच होतं. मान्य केलं पाहिजे, हात स्वच्छ आहे.

आणि आता वाईट गोष्ट. डबे मोजले. कोऱ्या फिल्मचा चारशे फुटांचा एक डबा नाही. अंधाऱ्या खोलीची किल्ली दोघांकडे, माझ्याकडे आणि नूर महंमदाकडे. मी त्याला विचारलं. तो खाली बघत राहिला. पुन्हा विचारलं, "विकलास का?" तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "भाऊ, सोळा बरस हो गये. आपको जो लगता है, वो लिख लो वही में." किल्ली टेबलावर ठेवून गेला.

झुंबर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. चोर तो, आणि राग माझ्यावर.

ता. १० एप्रिल

आठ दिवस नूर महंमद आलेला नाही. अंधाऱ्या खोलीत मी स्वतः गेलो तर दोन बाटल्या फोडल्या. आज त्याची बायको जमीला आली होती, मागच्या दाराने, झुंबरकडे. दोघी कुजबुजत होत्या. मी दिसताच पापडांवर बोलू लागल्या. मी म्हटलं, "नूर महंमद बरा आहे ना?" जमीला म्हणाली, "जी, बरे आहेत. जेवत नाहीत, एवढंच."

लिहायचं नव्हतं, पण लिहितो. त्याने डबा विकला असेल यावर माझाच विश्वास बसत नाही. मग डबा गेला कुठे? आणि विश्वास नव्हता तर मी तसं बोललो कशाला? बोललेला शब्द कात्रीने कापता येत नाही.

ता. १९ एप्रिल, चैत्री पौर्णिमा. धुळे.

क्रमाने लिहितो.

संध्याकाळी तंबू खच्चून भरला. जत्रेतली माणसं, पांझरेच्या काठापर्यंत रांग. पडद्यासमोर पेटी-तबला. पुढे खुर्चीत पंडितराव, खिशातून माझ्या दुकानाच्या किल्लीसाठी आणलेली नवी साखळी डोकावत होती. शेजारी मी. झुंबर बायकांत.

चित्र सुरू झालं. एक: आबांनी हात उचलला. दोन: हिलालने मान टाकली. तंबू गप्प. मला वाटलं, गहिवरले. मागून कोणीतरी म्हणालं, "सुरू कवय व्हई हो?" दुसरा म्हणाला, "झोप येईल तवय." लोक विड्या पेटवू लागले. एक बाई पोराला घेऊन उठली. पंडितरावाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "असू द्या, दाजी. काट्यावर पंखाही लावून देईन." त्याची ती माया मला चपलेसारखी लागली. दहा मिनिटं आयुष्यात एवढी लांब कधी झाली नव्हती. गाडी निघाली, "हाय! लेक चालली!" ही पाटी आली. संपलं, म्हटलं. मी उठलो.

आणि पडद्यावर एक माणूस आला. कोट, धोतर, डोक्यावर टॉवेल. तो कौतिकआबांच्या गळ्यात पडला. मला आधी ओळखूच येईना. म्हटलं, हा कोण वेडा? मग त्याने टॉवेल फेकला आणि बाप झाला, मग सासू झाला, मग जू खांद्यावर घेऊन धोतर धरत पळाला. मी! देवा रे, तो मी होतो!

तंबूत असा हशा उसळला की कनातीचे खुंट हलले. आणि पडद्यावर माझ्यामागे नशिराबादसुद्धा हसत होतं. आबा गुडघ्यांवर हात आपटत होते, बायका एकमेकींना ढकलत होत्या, हिलालच्या मिशीवर ऊन पडलं होतं. सगळं गाव हलत होतं! उठून गेलेली बाई पोरासकट परत आली. "पुन्हा! पुन्हा!" हाशमभाईने तो तुकडा चार वेळा लावला. पंडितरावाची पगडी पडली, ती त्याने उचलली नाही. डोळे पुसत म्हणाला, "दाजी, तुम्हाला जिनात बसवलं तर तीनशे मजूर काम टाकून तुमच्याकडेच बघत बसतील. माझं दिवाळं काढाल. ठेवा तुमची किल्ली." हाशमभाई म्हणाला, दिवाळीला दुसरं चित्र पाहिजे, आणि त्यात हाच माणूस पाहिजे.

लाजेने मेलो की आनंदाने, अजून कळलेलं नाही.

मशीनपाशी गेलो तर तिथं नूर महंमद. चारशे फुटांचा तो डबा, उजेडात फिल्म भरायची लिंबाखालची ती काळी पिशवी, ती खाज, सगळं एकदम डोक्यात उतरलं. मी सगळ्यांदेखत त्याचे हात धरले. म्हणालो, "चुकलो. मी गाढव आहे. सोळा वर्षांची चाकरी मी एका डब्यावर तोलली." तो म्हणाला, "भाऊ, बाईंनी कसम घातली होती." आणि मग, "पण बैल तुम्ही चांगला झालात." मी त्याला जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही.

ता. २० एप्रिल. चाळीसगाव स्टेशन.

जळगावची गाडी दोन तास उशिरा आहे. नूर महंमद पाणी आणायला गेलाय. फलाटावर बाकावर झुंबर आणि मी, मधे कॅमेऱ्याची पेटी.

मी विचारलं, "एवढी चोरी कशाला? सांगायचं तरी."

"सांगतू ते तुम्ही ताठ उभा ऱ्हातात," ती म्हणाली. हे बरोबर होतं.

"पण माझं चित्र काढायचं तरी काय अडलं होतं?"

तेव्हा ती माझ्याकडे न बघता, गाठोड्याची गाठ सारखी करत म्हणाली, "सारा गावना फोटू तुम्ही काढात. बावीस वरीस त्या काळा कापडमा डोकं घाली बठनात. आपला घरमा तुम्हना एक बी फोटू नही. उद्या तुम्हले काही व्हयनं ते भितवर मी काय टांगसू?"

बावीस वर्षांत मला हे कधी सुचलं नव्हतं. समोरच्या रुळावर मालगाडीचे डबे जोडत होते, ते मोजू लागलो. हिशेबी माणूस मी, शेवटी विचारलंच, "डबा चारशे फुटांचा होता. काल दाखवलेला तुकडा एकशे सत्तर फूट. बाकीचे दोनशे तीस कुठे?"

"ते मी पेटीमा ठेयेल शे. लोकेसले दखाडानं नही."

"त्यात काय आहे?"

"तुम्ही. आनि तो बैल."

मला नशिराबादची ती दुपार आठवली आणि कान तापले. म्हटलं, "अगं, पण आपल्या घरी मशीन नाही. बघशील कशी?"

"उन्हमा धरीसन," ती म्हणाली. "एक एक."

दोनशे तीस फूट गुणिले सोळा चित्रं. तीन हजार सहाशे ऐंशी. मी दोनदा गुणाकार केला, तेवढेच आले. रागवावं की हिच्या पाया पडावं, कळेना, आणि फलाटावर माणसं होती.

"चुलीपासून लांब ठेव," एवढंच मला बोलता आलं. "फिल्म पेट घेते."